हिरोशिमा ते नागासाकी: मुलांनी जपलेल्या आठवणीचे पाच दिवस

निघण्याआधी

किमान दीड महिना आधी चौकोनी कागद आणून ठेवावा. हिरोशिमाच्या शांती उद्यानातल्या मुलांच्या स्मारकाला हजार कागदी सारस वाहायची रीत आहे. त्या माळेला जपानीत सेनबाझुरू म्हणतात. रिकाम्या हातानं गेलं तरी कोणी अडवत नाही. पण मुलं सोबत असतील तर हे काम घरीच सुरू करावं. पन्नासाव्या सारसाच्या आसपास मूल स्वतःहून विचारतं, की हे आपण कोणासाठी करतोय? त्या प्रश्नाचं उत्तर प्रवासाआधी दिलेलं बरं. संग्रहालयाच्या अंधाऱ्या दालनात, गर्दीत उभं राहून ते देता येत नाही.

माळेसाठी 7.5 सेंमी बाजूचा कागद सोयीचा पडतो, सरावाला मात्र 15 सेंमीचा घ्यावा. 40 सारसांची एक सर, अशा 25 सरी. बसलेल्या हाताला एका सारसाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे हजारांना 50 तास. तीस मुलांच्या वर्गात हे वाटून घेतलं तर प्रत्येकाच्या वाट्याला 33-34 येतात.

रंगीत बाजू वर ठेवून दोन्ही कर्णांवर घडी घालायची आणि उघडायची. कागद उलटवून, पांढरी बाजू वर आली की मधोमध आडवी आणि उभी घडी. आता चारही कोपरे एकत्र आणले की लहान चौकोन बसतो. उघडं टोक आपल्याकडे ठेवून दोन्ही बाजूंच्या कडा मधल्या रेषेला टेकवायच्या, वरचा त्रिकोण खाली दुमडून घडी पक्की करायची आणि हे सगळं पुन्हा उघडायचं. मग वरच्या थराचं खालचं टोक उचलून पाकळीसारखं वर न्यायचं. मागच्या बाजूलाही तसंच. खाली दोन पाय उरतात. त्यांच्या कडा पुन्हा मधल्या रेषेकडे आणून ते निमुळते करायचे, मग आतून उलटवून वर काढायचे. एकाचं टोक वाकवलं की डोकं झालं, दुसरं शेपूट.

चूक बहुतेक वेळा पहिल्या दोन घड्यांतच होते. कोपऱ्याला कोपरा एका मिलिमीटरनं चुकला तर ती तफावत प्रत्येक घडीत वाढत जाते आणि शेवटी मान जाड, वाकडी होते. पाकळीची घडी आधी पक्की न करता उचलली तर कागद वरच्या कोनात चुरगळतो. पाय निमुळते करताना कडा रेषेला अगदी चिकटवू नयेत, केसभर फट ठेवावी; नाहीतर ते उलटवताना अडकतात आणि फाटतात. ओवताना सुई पोटाखालच्या भोकातून घालून पाठीच्या उंचवट्यातून काढायची. दोरा सुती आणि दुहेरी हवा. सरीच्या तळाला जाड कागदाची चकती लावावी, नाहीतर वरच्या 39 सारसांच्या भारानं शेवटच्याचं पोट फाटतं आणि सगळी सर ओघळते. प्लास्टिकचे मणी, चमकी आणि लॅमिनेशन टाळावं. त्याचं कारण पहिल्या दिवशी कळेल.

पहिला दिवस: मुलांचं स्मारक

हिरोशिमा स्थानकातून 2 किंवा 6 क्रमांकाची ट्राम घ्यायची आणि गेन्बाकु-दोमु-माए या थांब्यावर उतरायचं. उतरल्या उतरल्या अणुबॉम्ब घुमट, म्हणजे स्फोटानंतर उरलेली घुमटाची पडकी इमारत, समोर येतो. बहुतेक जण तिथेच तासभर छायाचित्रं काढत थांबतात. आमचा सल्ला असा, की घुमट संध्याकाळसाठी ठेवावा आणि पूल ओलांडून आधी मुलांच्या स्मारकाकडे जावं.

तीन पायांवर उभी असलेली ही 9 मीटरची वास्तू. माथ्यावर ब्राँझची मुलगी, तिच्या वर उचललेल्या हातांत सारस. शिल्पकार काझुओ किकुची. अनावरण झालं 5 मे 1958 रोजी, म्हणजे जपानच्या बालदिनी. जिच्यामुळे हे स्मारक उभं राहिलं ती सादाको सासाकी बॉम्ब पडला तेव्हा दोन वर्षांची होती. तेव्हा तिला काही झालेलं दिसलं नाही. धावण्यात ती वर्गात पुढे असे. 1955 च्या फेब्रुवारीत ल्युकेमियामुळे तिला इस्पितळात दाखल केलं आणि 25 ऑक्टोबरला ती गेली. वय 12.

पुढची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि मार्गदर्शक नेमकी तीच घाईत उरकतात. स्मारकाची मोहीम तिच्या वर्गातल्या मुलांनी सुरू केली. मागणीही फक्त सादाकोसाठी नव्हती, तर बॉम्बनं मारलेल्या सगळ्या मुलांसाठी होती. जपानभरातल्या 3,100 हून अधिक शाळांतून आणि इतर नऊ देशांतून पैसे आले. युद्धातल्या बळींची बहुतेक स्मारकं सरकारं किंवा मोठी माणसं उभारतात. इथं मेलेल्या मुलांच्या वतीनं जिवंत मुलं उभी राहिली. खालच्या शिळेवरचा मजकूरही त्यांच्याच तोंडचा आहे: ही आमची हाक, ही आमची प्रार्थना, जगात शांती उभारण्यासाठी. जपानी मजकूर वाचता येत असेल तर एक बारकावा पाहावा. पहिल्या ओळीतलं ‘आम्ही’ आहे ‘बोकुरा’, मुलगे स्वतःसाठी वापरतात ते. दुसऱ्या ओळीत ‘वाताशिताची’ येतं. मोठ्यांच्या कार्यालयीन भाषेत ‘बोकुरा’ कधी आलं नसतं.

कमानीखाली दोरीनं वाजवायची घंटा आहे. भौतिकशास्त्रातले नोबेलविजेते हिदेकी युकावा यांनी ती दिली. आज टांगलेली घंटा आणि तिच्याखालचा सोनेरी सारस या प्रतिकृती आहेत, मूळ वस्तू संग्रहालयात ठेवल्या आहेत. मुलांना घंटा वाजवू द्यावी, ती त्यासाठीच आहे.

माळा भोवतीच्या पारदर्शक कक्षांत टांगायच्या असतात. नोंदणीचा अर्ज भरला की नाव, गाव, सारसांची संख्या आणि संदेश शहराच्या नोंदवहीत जातो. वर्षाला साधारण एक कोटी सारस येतात, त्यांचं वजन भरतं सुमारे 10 टन. 2003 च्या ऑगस्टमध्ये एका विद्यार्थ्यानं इथं आग लावली आणि सुमारे 1,40,000 सारस जळाले. त्यानंतर देशभरातून लोकांनी नवे करून पाठवले. साठत जाणाऱ्या या डोंगराचं काय करायचं, हा प्रश्न शहराला अनेक वर्षं होता. आता कक्षांतून उतरवलेल्या माळांचा पुनर्वापर होतो, त्यांच्यापासून वह्या, पोस्टकार्डं असे कागदी जिन्नस बनतात. त्याआधी दोरा, मणी, चकत्या हातानं वेगळ्या कराव्या लागतात. म्हणून प्लास्टिक नको.

सादाकोच्या गोष्टीबद्दल मुलांना एक सांगायलाच हवं. जगभर वाचल्या जाणाऱ्या रूपात ती 644 सारस करून थांबते आणि उरलेले तिचे मित्र पुरे करतात. गोष्ट म्हणून ते रूप नीट बसतं. पण घरचे आणि संग्रहालय सांगतात ते वेगळं आहे. तिनं हजार पुरे केले, तरी बरं वाटेना म्हणून ती पुढेही करत राहिली. कागद संपले तेव्हा औषधाच्या पुड्यांचे कागद वापरले आणि सुईच्या टोकानं घड्या घातल्या. हजार पुरे होऊनही इच्छा फळली नाही, हे मुलांपासून लपवायला मोठ्यांनी 644 चा आधार घेतला असावा, असं आम्हाला वाटतं. दहा वर्षांचं मूल खरी गोष्ट पेलू शकतं.

दुसरा दिवस: डबा, तिचाकी आणि एक सूत्र

संग्रहालयात दार उघडताच शिरावं. प्रौढांना 200 येन, उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना 100, त्याखालच्या मुलांना फुकट. सकाळी दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि काचांजवळ जागा मिळत नाही.

पूर्वी इथं फाटक्या कपड्यांत, सोललेल्या कातडीनं चालणाऱ्या माणसांचे पुतळे होते, त्यात एक मूलही होतं. 2017 मध्ये ते काढले. त्यावर बराच वाद झाला. पुतळ्यांमुळेच विषय मुलांच्या मनात राहतो, असं म्हणणारे खूप होते. 2019 मध्ये मुख्य इमारत नव्यानं उघडली, तेव्हा तिथं फक्त खऱ्या वस्तू, छायाचित्रं आणि वाचलेल्यांनी काढलेली चित्रं होती. आम्हाला हा बदल पटतो. पुतळ्यांना मुलं घाबरायची आणि वस्तूपर्यंत त्यांचं लक्षच जायचं नाही.

दोन वस्तूंसाठी वेळ राखून ठेवावा. पहिली आहे 13 वर्षांच्या शिगेरू ओरिमेनचा जेवणाचा डबा. स्फोटकेंद्रापासून सुमारे 600 मीटरवर तो कामाला गेला होता. आईला त्याचा देह सापडला तेव्हा हा डबा त्याच्या अंगाखाली होता. डब्याचा धातू वेडावाकडा झालेला आहे आणि आत अन्नाचा कोळसा. कोळशातही दाणे वेगळे ओळखू येतात. दुसरी वस्तू तीन वर्षं अकरा महिन्यांच्या शिनिची तेत्सुतानीची तिचाकी सायकल. तो त्याच रात्री गेला. एवढ्या लहानग्याला एकट्याला दूरच्या कबरीत ठेवायला वडिलांचं मन होईना, म्हणून त्यांनी त्याला घराच्या अंगणात सायकलसकट पुरलं. चाळीस वर्षांनी, 1985 मध्ये, अस्थी कुटुंबाच्या कबरीत हलवल्या आणि सायकल संग्रहालयाला दिली. सीट आणि पेडल नीट पाहावेत. गंजलेल्या लोखंडातूनही चालवणाऱ्याच्या पायांचा आकार कळतो.

दहापेक्षा लहान मूल असेल तर जळलेल्या माणसांच्या छायाचित्रांचा भाग कुठं येतो ते एका मोठ्या माणसानं आधी आत जाऊन पाहून यावं. ‘बघवत नसेल तर बाहेर जाऊ’ हे दारातच ठरवावं. आत गेल्यावर गर्दीमुळे मागे फिरणं अवघड होतं आणि मूल रडायला लागलं की पालक त्याला ओढत पुढे नेतात. असं इथं रोज दिसतं.

डबा पाहिला की प्रश्न येतो, तेरा वर्षांचा मुलगा सोमवारी सकाळी शाळा सोडून तिथं काय करत होता? याचं उत्तर घुमटाशेजारच्या पाच थरांच्या मनोऱ्याशी मिळतं. कामाला जुंपलेल्या विद्यार्थ्यांचं हे स्मारक. आगीची झेप अडवायला शहरात मोकळे पट्टे काढायचे होते. त्यासाठी घरं पाडली जात होती आणि माध्यमिक शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्गांतली मुलं त्यांचे वासे-कौलं उचलत होती. सव्वाआठला बॉम्ब पडला तेव्हा ती उघड्यावर होती. घरं पाडायच्या कामावरची जवळपास 6,000 मुलं गेली. मनोऱ्याच्या मागे शाळांची नावं कोरलेली आहेत. पर्यटक पुढूनच परततात, मागे जाऊन ती नावं वाचावीत. ही मुलं नुसती सापडली नव्हती. त्यांना तिथं पाठवण्यात आलं होतं, आणि पाठवणारं सरकार त्यांचंच होतं. ‘निष्पाप बालकं’ या शब्दांत ही बाब विरून जाते. सोबतच्या शिक्षकांनी ती मुद्दाम सांगावी.

तिथून दक्षिणेला, शांती पुलाच्या पश्चिम टोकाला शहराच्या मुलींच्या शाळेचं स्मारक आहे. त्या शाळेतल्या सहाशेहून अधिक मुली घरं पाडायच्या कामावर गेल्या आणि मेल्या. उठावशिल्पात तीन मुली आहेत. मधलीच्या हातात एक पेटी आणि पेटीवर कोरलंय E=MC². एकीकडून मैत्रीण फुलांचं कडं देतेय, दुसरीकडून कबूतर. शिल्प 1948 चं आहे. तेव्हा अमेरिकी ताब्यातल्या जपानमध्ये छापील मजकुरावर सेन्सॉर होता आणि अणुबॉम्ब हा शब्द दगडावर कोरणं अवघड होतं. म्हणून मुलीच्या हातात अणुऊर्जेमागचं हे सूत्र दिलं. मुलांना आधी अर्थ सांगू नये. ‘हिच्या हातात काय आहे?’ एवढंच विचारावं.

परतताना कोरियन बळींचं स्मारक चुकवू नये. ते 1970 मध्ये उद्यानाबाहेर उभारलं होतं, आत यायला 1999 उजाडलं. सादाकोचं नाव जगभर पोचलं, बॉम्बच्या दिवशी मेलेल्या कोरियन मुलांची नावं कुणाच्या ओठी नसतात.

तिसरा दिवस: शाळा

होन्कावा प्राथमिक शाळा स्फोटकेंद्रापासून साधारण 400 मीटरवर आहे, नदीपलीकडे. जुन्या काँक्रीट इमारतीचा एक तुकडा आणि तळघर जपून त्याचं संग्रहालय केलंय. भोवती शाळा चालू आहे. म्हणून आधी कार्यालयात जाऊन नोंद करायची, गळ्यात ओळखपट्टी देतील ती घालायची आणि मैदानावरच्या मुलांचे फोटो अजिबात काढायचे नाहीत. त्या दिवशी इथली सुमारे 400 मुलं गेली. शाळेत असलेल्यांपैकी एक विद्यार्थिनी आणि एक शिक्षिका वाचल्या. तळघरात उतरल्यावर वर खेळणाऱ्या मुलांचा आवाज येत राहतो.

फुकुरोमाची शाळेची पश्चिमेकडची इमारत 2002 पासून संग्रहालय आहे. बॉम्बनंतर इथं जखमींना आणलं जायचं. काजळीनं काळ्या झालेल्या भिंतींवर लोकांनी पडलेल्या खडूंनी निरोप लिहिले: अमुक इथं आहे, तमुक सापडला तर कळवा. पुढे भिंती धुतल्या आणि रंगवल्या गेल्या. अर्धशतकानंतर गिलावा काढला तेव्हा अक्षरं दिसली, पण काळी. खडूच्या रेघेखालची काजळी धुण्यातून वाचली होती. पांढरी अक्षरं नाहीशी झाली आणि त्यांच्या जागी काळी राहिली. भिंतीजवळ जाऊन पाहिलं की रेघेची कड खडबडीत दिसते.

या दोन शाळा पाहिल्यावर आजच्या मुलांकडे वळता येतं. इथल्या मोतोमाची हायस्कूलच्या कला शाखेचे विद्यार्थी 2007 पासून हिबाकुशांसोबत, म्हणजे बॉम्बमधून वाचलेल्यांसोबत, चित्रं करतात. एक विद्यार्थी आणि एक साक्षीदार. अनेक भेटी होतात आणि एका चित्राला जवळपास वर्ष लागतं. आगीचा रंग कोणता होता? हात पुढे होते की खाली? चित्रकार चुकतो, साक्षीदार सांगतो ‘असं नव्हतं’, आणि कॅनव्हास पुन्हा खरडला जातो. कामाचा गाभा या खरडण्यात आहे. भाषण ऐकताना मूल मान हलवून मोकळं होतं, इथं त्याला विचारावंच लागतं. वाचलेल्यांचं सरासरी वय 85 च्या पुढे गेलंय, त्यामुळे अशा जोड्या आता किती जमतील याला मर्यादा आहे.

6 ऑगस्टला आलात तर सोहळा सकाळी 8 ला सुरू होतो, 8:15 ला मिनिटभर स्तब्धता, मग महापौरांची घोषणा आणि त्यानंतर सहावीतली दोन मुलं शांतीची प्रतिज्ञा वाचतात. शहरातल्या सहावीच्या मुलांच्या निबंधांतून त्यांची निवड होते. ती मुलं मनापासून बोलतात. पण प्रतिज्ञेची चौकट मोठ्यांनी आखलेली असते, हे ऐकताना ध्यानात ठेवावं. शाळांतल्या शांतीशिक्षणाच्या पुस्तिकेतून 2023 मध्ये एका गाजलेल्या चित्रकथेची पानं वगळली गेली, तेव्हा मुलांनी काय आठवायचं हे कोण ठरवतं, यावर शहरात उघड वाद झाला.

चौथा दिवस: नागासाकीकडे

शिनकानसेननं हाकाता, तिथून रिले कामोमे एक्सप्रेसनं ताकेओ-ओन्सेन, आणि त्याच फलाटावर समोर उभ्या असलेल्या कामोमे शिनकानसेननं नागासाकी. हा शेवटचा टप्पा 2022 च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला. एकूण तीन तास आणि वर थोडं.

संध्याकाळी ट्रामनं शांती उद्यान. 1 आणि 3 क्रमांकाच्या ट्राम जातात. मोठ्या पुतळ्याकडे जाण्याआधी दक्षिण टोकाच्या कारंज्यापाशी थांबावं. पुढच्या काळ्या दगडावर बॉम्बचा दिवस अनुभवलेल्या एका मुलीच्या लेखनातल्या काही ओळी कोरल्या आहेत. तहानेनं जीव जात होता, पाण्यावर तेलासारखं काहीतरी तरंगत होतं, पाणी हवंच होतं, म्हणून शेवटी तेलासकट प्यायले. बस्स, एवढंच. शांती हा शब्दही नाही. या दोन शहरांतल्या सगळ्या शिलालेखांत आम्हाला हा सर्वांत खरा वाटतो, कारण कुणी त्याला शेवट जोडलेला नाही.

पाचवा दिवस: शिरोयामा आणि यामाझातो

शिरोयामा प्राथमिक शाळा स्फोटकेंद्रापासून 500 मीटरवर, टेकडीवर. घरोघरी मिळून तिची सुमारे 1,400 मुलं गेली. ऑगस्टचे दिवस असल्यानं ती शाळेत नव्हती. शाळेत होते ते शिक्षक, कर्मचारी आणि कामावरचे विद्यार्थी. त्यांत कायोको हायाशी ही 15 वर्षांची मुलगी होती. 1949 मध्ये तिच्या आईनं शाळेला चेरीची रोपं दिली. त्यांतली काही झाडं अजून आहेत, आणि बियांपासून व कलमांपासून वाढवलेली रोपं इतर गावांतही गेली आहेत. जुन्या इमारतीतलं दालन पाहायला तास पुरतो.

शक्य असेल तर तारीख जुळवावी. 1951 पासून ही शाळा दर महिन्याच्या 9 तारखेला मृतांसाठी प्रार्थनासभा घेते. वर्षातून एकदा ऑगस्टमध्ये कॅमेऱ्यांसमोर होणारा सोहळा वेगळा, आणि फेब्रुवारीच्या थंडीत कुणी पाहुणा नसताना मैदानावर रांग लावणं वेगळं. सहा वर्षं शिकणारं मूल हे साठ-सत्तर वेळा करतं.

यामाझातो शाळेत 1,581 मुलांपैकी सुमारे 1,300 गेली. आवाराच्या मागे तेव्हा खणलेली आश्रयाची भुयारं अजून आहेत, तोंडाशी उभं राहून आत पाहता येतं. पुढच्या अंगणात 1949 चं ‘ती मुलं’ हे छोटं स्मारक आहे. नागासाकीचे डॉक्टर ताकाशी नागाई यांनी बॉम्बमधून वाचलेल्या मुलांकडून आठवणी लिहून घेतल्या आणि त्या लेखनाच्या पैशांतून ते उभं राहिलं. इथंही पैसा मुलांच्या हातचा.

दुपारी वेळ उरला तर गर्दीच्या चौकात हायस्कूलची मुलं सह्या गोळा करताना भेटतात. अण्वस्त्रं नकोत, या मागणीसाठी 2001 मध्ये त्यांनी दहा हजार सह्यांची मोहीम सुरू केली. तेव्हापासून सह्या दरवर्षी जिनिव्हाला संयुक्त राष्ट्रांकडे नेल्या जातात. त्यांचं बोधवाक्य: बळ थोडं, पण निर्बळ नाही. सही करायची तर नाव आणि पत्ता जपानीतच हवा असं नाही, मुलं रकाना दाखवतात. सोबतच्या मुलांनाही लिहू द्यावं. देवनागरीत लिहिलं तरी चालतं, ती मुलं कागद तिरका करून अक्षरं बघतात आणि उच्चार विचारतात.